इमानाचं नोझल

१५ जुलै २०२५, मंगळवार. संध्याकाळ.

टोरांटोहून लेकीचा, प्रज्ञाचा फोन. गोड बातमी. फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास. बायको द्रौपदा आधी रडली, मग हसली, मग गल्लीत सांगून आली. मी अगदी शांत होतो. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा पावडर टाकायची राहिली, एवढंच.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात चर्चेला जागाच नाही. मी लगेच म्हणालो, ये. पण तिची सुट्टी डिसेंबरात लागते, आणि तिथली डॉक्टरीणबाई म्हणते की सातव्या महिन्यानंतर वीस तासांचा विमानप्रवास नको. पाच-सहा तासांचा असता तर हो म्हटलं असतं. प्रज्ञा हे हसत हसत सांगत होती. मी हसलो नाही. पंपाच्या बिलामागे लिहून घेतलं: सहा तास.

द्रौपदा म्हणाली, पोर येत न्हाई तर आपुन जाऊ, त्यात काय एवढं. हिला टेक्निकल अडचणी कळत नाहीत.

१६ जुलै. सकाळी ६.

झोप नाही. पण हिशेब लागला. मुंबई ते टोरांटो साधारण साडेबारा हजार किलोमीटर. आजचं विमान ताशी नऊशे जातं, वर मध्येच कुठेतरी उतरवून बसवून ठेवतात. तेच आवाजाच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक दोनने, गेलं तर सहा तास. असं प्रवासी विमान पूर्वी होतं. २००३ साली बंद पडलं. बावीस वर्षं झाली, जगात एकालाही दुसरं जमलेलं नाही.

अडचण काय, तर विमान आवाजाच्या पुढे गेलं की खाली जमिनीवर धडाम् असा दणका बसतो. त्याला बूम म्हणतात. लोक ओरडतात, म्हणून वस्तीवरून उडू देत नाहीत. नाकाचा आकार बरोबर असेल तर धडाम् चं नुसतं ठुप् होतं, असं वाचलं. इंधन, इंजिन वगैरेही प्रश्न आहेत, ते बाकीचे लोक बघतील. मुख्य प्रश्न नाकाचा. आणि नाक म्हणजे शेवटी लेथवरचं टर्निंग. तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?

ठराव: एक, ३० नोव्हेंबरपर्यंत कमी बूमचं सुपरसॉनिक प्रवासी विमान तयार. निदान नाक. दोन, पंप रिपेअरिंग फक्त दुपारपर्यंत. तीन, द्रौपदाला एवढ्यात सांगायचं नाही.

सकाळी ८. द्रौपदाला सांगितलं. बरं म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

२१ जुलै, सोमवार.

आळेफाट्याच्या वर्कशॉपवर ‘प्रज्ञा इंजिनिअरिंग वर्क्स’ बोर्डाखाली ‘संशोधन व विकास’ असं रंगवायला सांगितलं होतं. पेंटरला जागा पुरली नाही. ‘संशोधन व विका’ एवढंच बसलं. सकाळपासून तिघांनी विचारलं, काय विकायचंय?

पिंपरी पेंढारचा बहिरू फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आला. टोमॅटो करतो. भोळा माणूस, म्हणून त्याला योजना सविस्तर सांगितली. म्हणाला, मिस्त्री, लई झ्याक, इमान करताय म्हंजे. मी म्हणालो विमान. तो म्हणाला, तेच की, इमान. चार वेळा सुधारलं, मग सोडून दिलं. पंप तसाच राहिला.

२४ जुलै.

शेजारच्या टायरवाल्या इस्माईलभाईंनी आज सहज विचारलं, रविंद्रभाऊ, तुम्ही कधी विमानात बसलात का? त्यांना समजावलं की सध्याच्या विमानात बसणं माझ्या तत्त्वात बसत नाही. साठ वर्षांपूर्वीही तोच वेग होता, आजही तोच. कारागीर माणसाने अशा गोष्टीला उत्तेजन देऊ नये.

२०१९ ला प्रज्ञाला बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा तिने दोघांची तिकिटं काढली होती. त्या दिवशी नेमकं माझं पोट बिघडलं. द्रौपदा एकटी जाऊन आली. हे इस्माईलभाईंना सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. त्यावर ते म्हणाले, आणि लोणीच्या जत्रेत पाळणा थांबवून उतरला होता ते? त्याचं कारण वेगळं होतं. पाळण्याचे नट ढिले दिसत होते. वरून जास्त स्पष्ट दिसत होते.

९ ऑगस्ट, शनिवार.

कामाने वेग घेतला आहे. नाकाची चाचणी घ्यायची तर आवाजापेक्षा जोरात पळणारी हवा पाहिजे. त्यासाठी नोझल लागतं. आत शिरताना रुंद, मध्ये गळ्याशी अरुंद, पुढे पुन्हा रुंद. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हेच असतं. पितळेचा रॉड घेऊन सकाळी दहाला लेथवर चढवला, चारला उतरवला. गळा दीड मिलीमीटर. इतकं देखणं काम मी आजवर केलेलं नाही. हे मी स्वतःच स्वतःबद्दल लिहितोय, पण खरं आहे.

बाहेर पाच गिऱ्हाईकं पंप घेऊन बसली होती. द्रौपदाने त्यांना चहा पाजून उद्या या सांगितलं.

१२ ऑगस्ट.

ऐतिहासिक दिवस. इस्माईलभाईंच्या कंप्रेसरला नोझल जोडलं. हवा आवाजाच्या पुढे गेली. पुरावा: कान फाटेल अशी शिट्टी. इस्माईलभाई म्हणाले, भाऊ, टायरचा व्हॉल्व्ह काढला तरी अशीच शिट्टी वाजते. दुर्लक्ष केलं. पाच मिनिटांत टाकी रिकामी झाली आणि एका ट्रकवाल्याला हवेसाठी अर्धा तास थांबावं लागलं. त्याने विज्ञानाबद्दल जे काही काढलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या फेरीत ॲल्युमिनियमचं नाक हवेत धरलं. नाक चिमट्यातून सुटलं आणि इस्माईलभाईंच्या नव्या ट्यूबमध्ये घुसलं. निष्कर्ष: नाक उत्तम आहे. चिमटा बदलावा लागेल.

२ सप्टेंबर, मंगळवार.

नोझल गायब!! वर्कशॉप उलटंपालटं केलं. इस्माईलभाईंवर संशय घेतला, तसं बोललोही. ते दुखावले. मग संध्याकाळी द्रौपदा शांतपणे म्हणाली, अवो, ते पितळी व्हय? ते बहिरूला दिलं. त्याच्या पंपाचं नोझल तुमी दीड महिन्यापासून बसवलंच न्हाई, टोमॅटोवर करपा आला, मग काय करायचं त्यानं?

जगातलं एकमेव सुपरसॉनिक नोझल औषध फवारतंय. जेवलो नाही.

(नंतर जेवलो. वांग्याचं भरीत होतं.)

४ सप्टेंबर.

नोझल आणायला पिंपरी पेंढारला गेलो. बहिरू द्यायला तयार नाही. म्हणतो, मिस्त्री, लई बारीक धुकं पडतंय, पान खालच्या अंगानं बी भिजतंय, असं नोझल जल्मात पायलं न्हाई. शेजारच्या बांधावरची चार माणसं गोळा झाली. तिथे म्हणे त्याला आता ‘इमानाचं नोझल’ म्हणतात. मला पण करून द्या म्हणून मागे लागली. मी ठणकावून सांगितलं की मी फवारणीचं काम करत नाही, हवेचं करतो. एक म्हातारा म्हणाला, मंग धुकं हवेतच जातंय की.

येताना इस्माईलभाईंची माफी मागितली. त्यांनी लगेच माफ केलं. त्यामुळे जास्त अपराधी वाटलं.

१५ सप्टेंबर.

वाऱ्याच्या बोगद्यासाठी, म्हणजे नाकावर जोरात हवा सोडून बघायच्या नळकांड्यासाठी, स्पेअर असावेत म्हणून चाळीस नोझल टर्न केली. संशोधनात स्पेअर लागतातच. द्रौपदाने कुठे ठेवली माहीत नाही. विचारलं नाही. तिच्या हातात एक वही दिसते आणि वर्कशॉपसमोर गर्दी असते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

बूमची प्रत्यक्ष मोजणी. वर्कशॉपच्या मागेच पोल्ट्रीवाल्या भरतची शेड, शेडमागे मोकळं रान आहे, मग ऊस. मागच्या दिवाळीचे दोन सुतळी बॉम्ब शिल्लक होते. पहिला नुसता वाजवायचा, दुसरा मी केलेल्या पत्र्याच्या नाकाखाली. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप. शास्त्रीय पद्धत. भरतला आधी सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही.

बरोबर पाच वाजता दोन्ही वाजवले.

एक गोष्ट विचारात घ्यायची राहिली. आपल्याकडे उसामागे लागोपाठ दोन बॉम्ब वाजले की त्याचा एकच अर्थ होतो. दहा मिनिटांत चाळीस माणसं काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन धावत आली. बायकांनी लेकरं आत घेतली. ग्रुपवर मेसेज पडला की भरतच्या शेडमागं बिबट्या, सोबत दोन बछडे. मी खरं सांगणारच होतो. पण सगळे इतक्या काळजीने विचारत होते, मिस्त्री तुमी बरे हाय ना, लागलं न्हाई ना, आणि भरतने तर मला मिठीच मारली. त्यात योग्य संधी मिळाली नाही. सहा वाजता वनखात्याची माणसं आली तेव्हा मी शेपटीची लांबी सांगत होतो.

मोजणी: दुसरा आवाज तीन डेसिबलने कमी. मात्र तेव्हा मोबाईल खाली पडला होता.

२७ सप्टेंबर.

वर्कशॉपमागे पिंजरा लावला आहे. आत शेळी. प्रयोगशाळेला सरकारी संरक्षण मिळालं असं म्हणता येईल. पण मागची जागा गेली. शेळी दिवसभर ओरडते आणि विचार करता येत नाही. भरतच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. तो बिबट्याला शिव्या देतो. मी मान हलवतो.

५ ऑक्टोबर.

पिंजऱ्यात भरतचा कुत्रा सापडला.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

बातमी वाचली आणि लगेच वही काढली. अमेरिकेत एक कमी आवाजाचं प्रायोगिक विमान परवा पहिल्यांदा उडालं. नाक लांबच लांब. माझ्या वहीतल्या २ ऑगस्टच्या आकृतीशी ताडून पाहिलं. तेच नाक! फरक इतकाच की त्यांच्यामागे विमान आहे.

संताप आला. मग नीट वाचलं. पहिल्या फेरीत ते आवाजाच्या पुढे गेलंच नाही, हळूच उडालं. म्हणजे स्पर्धा अजून खुली आहे. शिवाय त्यात एकच माणूस बसतो. त्यात माझी प्रज्ञा आणि तिचं पोट मावणार नाही.

द्रौपदाला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, नोझलसारखंच दिसतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार.

अखेर मान्यता! नारायणगावला कृषी प्रदर्शन होतं. जाहिरातीत स्पष्ट छापलेलं: ‘आधुनिक बूम तंत्रज्ञान, चर्चासत्र व प्रात्यक्षिक.’ जिल्ह्यात या विषयावर चर्चासत्र होतंय आणि मला माहीत नाही! बावीस पानांचा निबंध झेरॉक्स केला, लग्नातला कोट घातला, इस्माईलभाईंच्या गाडीने गेलो. ते बिचारे काही न विचारता आले.

मंडपात ट्रॅक्टर उभा, आणि ट्रॅक्टरच्या मागे दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरलेल्या लांब दांड्या, दांड्यांना ओळीने नोझल. त्या दांडीला बूम म्हणतात. बूम स्प्रेयर. मी तीस वर्षं हेच रिपेअर करतोय आणि मला जाहिरात वाचताना आठवलं नाही.

इस्माईलभाई म्हणाले चला चहा घेऊ. पण दारात मी वक्ता म्हणून नाव नोंदवलं होतं, आणि तेवढ्यात माईकवरच्या माणसाने ते वाचलं. परत फिरणं शोभलं नसतं. बोललो. ‘बूम जितकी कमी तितकं बरं’ असं म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या शेतकऱ्याने विचारलं, कमी बूममध्ये एकरी पाणी किती बसतं? मी म्हणालो, पन्नास हजार फुटांवरून पाण्याचा प्रश्न येत नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, आरं हे इमानाच्या नोझलवाले मिस्त्री! आणि टाळ्या पडल्या. खूप. शाल मिळाली. शालीवर ‘प्रगतशील नोझल उत्पादक’ अशी पट्टी लावलेली होती.

एकूण प्रतिसाद चांगला. श्रोत्यांनी प्रश्न विचारले.

परतताना आळ्याजवळ इस्माईलभाई म्हणाले की शाल गरम आहे, कॅनडात कामी येईल.

२४ नोव्हेंबर.

पुण्याला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला द्रौपदाला घेऊन गेलो. प्रज्ञाने दोघांचे अर्ज भरले आहेत असं तिथे कळलं. माझेही ठसे घेतले. हरकत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर काम करणाऱ्या माणसाचे ठसे कुठेतरी असावेत. मशिनवर माझी बोटं उमटेनात. लेथने रेषाच घासून टाकल्या आहेत. बाईने चारदा पुसून घेतली. द्रौपदा म्हणाली, अवो आंग चोरू नका, दाबा नीट. पाचव्यांदा उमटली.

३० नोव्हेंबर, रविवार.

आजची तारीख पहिल्या पानावर अधोरेखित केलेली आहे.

झालेलं काम: नाक, एक (चिमट्याची खूण पडलेलं). वाऱ्याचा बोगदा, अर्धा. नोझल, नक्की किती ते द्रौपदाला माहीत. विमान, नाही.

विलंबाची कारणे: बिबट्या. शेळी. बहिरू. अमेरिका. सुधारित मुदत: ३१ जानेवारी.

प्रज्ञाला सातवा संपला.

१४ डिसेंबर, रविवार.

प्रज्ञाचा फोन. तिच्या खिडकीबाहेर बर्फ. जावईबापू ऑफिसच्या कामाने सारखे बाहेर असतात, घरी ती एकटी. रात्री पायात गोळे येतात म्हणाली. मी तिला सुधारित मुदत सांगायला लागलो. बोगद्याचं राहिलेलं काम, नाकाचा नवा कोन. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, पप्पा, मला विमान नको, तुम्ही पाहिजे.

मी म्हणालो, बघतो.

फोन ठेवून वर्कशॉपमध्ये गेलो. लेथ चालू केली. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावला नव्हता. नुसती फिरत होती आणि मी बघत होतो. लहान असताना ती या स्टुलावर बसून अभ्यास करायची. लेथ बंद केली की म्हणायची, पप्पा चालू करा, शांततेत मला अभ्यास होत नाही. ती इंजिनिअर या आवाजात झाली. तिकडे किती शांत असेल.

२० डिसेंबर.

दोघांचे व्हिसा आले. द्रौपदाने परस्पर तिकिटं काढायला लावली. १८ जानेवारी. दोन तिकिटं. नोझलच्या पैशातून निघाली म्हणे.

मी तिला समजावलं की प्रकल्प नाजूक टप्प्यावर आहे, मला जाता येणार नाही, तू हो पुढे. मी नंतर मॅक दोनने सहा तासांत येतो. बाळाचं नाव ठेवायच्या आत पोचेन.

तिने मेथी निवडणं थांबवलं. म्हणाली, तुमाला भ्या वाटतंय. बंगळूरच्या येळेला बी भ्याच वाटलं व्हतं, पोट न्हाई. मला तवाच ठाव व्हतं. मी बोलले न्हाई, कारण पोरगी बंगळूरला व्हती, एका रात्रीच्या गाडीवर. आता न्हाई तसं.

मी म्हणालो, भीती नव्हे, तत्त्व आहे. ती म्हणाली, मंग तत्त्व घरी ठेवा आणि तुमी चला.

रागाने बाहेर गेलो. आळ्याच्या बस स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. मला भीती वाटते असं लिहून बघितलं. खोडलं.

१० जानेवारी २०२६, शनिवार.

ठराव: जायचं नाही. अंतिम.

द्रौपदा माझी बॅग भरते आहे. स्वेटर, कानटोपी, प्रदर्शनाची शाल. मी तिला अडवत नाही. तिला भरल्याचं समाधान मिळू दे. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी. एका दुपट्यात गुंडाळून काहीतरी जड ठेवलेलं दिसलं. उघडून पाहिलं तर पहिलं नोझल. ९ ऑगस्टचं. द्रौपदा म्हणाली, बहिरूने परत आणून दिलं. म्हणाला होता, पोरीला दाखवा, तिच्यापायीच झालं हे. इतके दिवस द्रौपदाने ते मला सांगितलं नव्हतं.

परत गुंडाळून ठेवलं. मग काढून खिशात टाकलं.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ५.

फक्त सोडायला चाललो आहे. बॅग गाडीत आहे कारण ती भरलेली होती आणि घरी ठेवून काय करायची? बूट नवे घातलेत कारण थंडी आहे. गाडी इस्माईलभाईंची.

सकाळी ७.४०. माळशेज घाट. डोळे मिटून घेतले. डोळ्यांना विश्रांती देत होतो. इस्माईलभाई म्हणाले, भाऊ, गाडी चाळीसने चाललीय. मी म्हणालो, तीसने घ्या.

सकाळी ११.२०. विमानतळ. इस्माईलभाईंनी मला धरून ठेवलं, बराच वेळ. म्हणाले, पोरीला सलाम सांगा. मी म्हणालो, मी परत तुमच्याबरोबरच येणार आहे. ते हो म्हणाले आणि माझी बॅग ट्रॉलीवर ठेवून गाडी काढून निघून गेले. मुंबईत पार्किंगची फार अडचण आहे हे मान्य.

दुपारी १२.५०. आत आहे. मी फक्त तपासणीपर्यंत. सध्याची प्रवासी व्यवस्था आतून बघून घेणं संशोधकाला आवश्यक आहे.

दुपारी १.३०. हे लिहून ठेवतो. तपासणीच्या मशिनवर माझा कोट अडला. जवानाने खिशातून नोझल काढलं. उलटसुलट करून पाहिलं. काय आहे हे, म्हणाला. पाच महिने मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर पाठ होतं. आणि हीच संधी होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजूला घेतलं असतं, दहा साहेब बोलावले असते आणि विमान निघून गेलं असतं. माझी काही चूक नसती. अगदी कागदोपत्री.

द्रौपदा पलीकडे पोचली होती. सगळ्यांच्या आधी. चपला हातात घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. बोलवत नव्हती. नुसती बघत होती.

तेवढ्यात जवानच म्हणाला, फवारणीचं हाय ना? आमच्याकडं डाळिंबाला असंच लागतं.

मी म्हणालो, हो. फवारणीचं आहे.

त्याने परत दिलं. म्हणाला, झकास टर्निंग केलंय, कुणी केलं? मी म्हणालो, आमच्याकडे एक मिस्त्री आहे.

दुपारी ३.५५. आकाशात.

उतरता येत नाही, विचारलं. पट्टा लावलेला आहे. द्रौपदाचा हात धरलेला आहे. तिच्या हातावर माझ्या बोटांचे ठसे उमटलेत, इथे बरे उमटतात. ती खिडकीतून खाली बघते आहे आणि ढग किती झ्याक म्हणते आहे. मी बघितलेले नाहीत. समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा येतो: ताशी ८९२ किलोमीटर. मॅक एकसुद्धा नाही.

बेल वाजवून बाईंना बोलावलं. इंग्रजीतून, मग हिंदीतून विचारलं, थोडं हळू नाही का घेता येणार? त्यांना समजलं नाही. परत विचारलं. आम्हाला काही घाई नाही म्हणालो. बाळाला अजून तीन आठवडे अवकाश आहे.